घराण्याचं रक्त मी विहिरीत सोडलं

माझी मान वळत नाही. डावीकडचं काही बघायचं असलं की मी सगळाच वळतो, पायांसकट. गावात नवा आलेला माणूस म्हणतो, म्हातारा लई मिजासखोर दिसतोय. जुनी माणसं त्याला सांगतात, मिजासखोर आहेच, पण मानेचं कारण वेगळं आहे. ते कारण आमच्या घरात कसं कळलं ते लिहून ठेवतो. शाळा मी चौथीत सोडली. मास्तरांनी काढलं नाही, मीच सोडली. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका कुणी मला दाखवू नयेत.

मी गुळव्या. गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस उकळत असतो, त्याचा गूळ नेमका कधी झाला, म्हणजे पाक कधी आला, हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. बुडबुडा बघायचा, वास घ्यायचा, चिमटीत चिकटपणा बघायचा. जरा उशीर झाला की गूळ काळा पडला आणि वर्षाची अब्रू गेली. माझा गूळ कधी काळा पडला नाही. पडला असं कुणी सांगितलं तर तो माणूस भावकीतला असणार.

पंचविशीच्या आतच माझी कंबर धरायला लागली. मग पाठ, मग मान. चाळिशीला पाठीचा पार ऊस झाला. कांडी मोजून घ्या, पण वाकवू नका. मी लोकांना सांगायचो, काहिलीवर वाकून वाकून झालंय, ही धंद्याची खूण आहे. लोकांना पटायचं. मलाही पटायचं.

धाकटा भाऊ माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्याला मी आणि माझ्या बायकोनं वाढवला. माझ्यामागं काहील त्याच्याच हातात जायची होती. पण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी तो पहाटेचा उठेना. गुऱ्हाळ पहाटे चारला सुरू व्हायचं. हा गडी आधी कुशीवर वळणार, मग भिंत धरणार, मग म्हाताऱ्यासारखा एकेक पाय टाकत येणार. आणि दहा वाजले की तोच गडी उसाच्या मोळ्या दोन-दोन उचलून पळायचा. आजारी माणूस दहाच्या ठोक्याला बरा होतो का? मी त्याला सगळ्यांच्या देखत आळशी म्हणायचो. 'पहाटंचा आजा, दुपारचा राजा' असं नावही मीच ठेवलं, आणि गुऱ्हाळावरचे गडी त्याला त्याच नावानं हाका मारू लागले. शेवटी मी जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून काहील चुलत्याच्या पोराला शिकवणार. धाकटा खाली मान घालून चिपाडं गोळा करत राहिला. त्याची मान तेव्हा खाली होत होती.

बायको मात्र बोलली. लग्नाच्या पहिल्या साली मीही असाच भिंत धरून उठत होतो, असं तिचं म्हणणं. तुला सपान पडलं असंल, म्हणालो.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हंगामात माझे डोळे लाल झाले म्हणून आम्ही दोघं कोल्हापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. डोळ्याच्या डॉक्टरनं थेंब दिले. बाहेर पडताना बायकोनं मागनं हाक मारली आणि मी माझ्या पद्धतीनं सगळाच वळलो. तेवढ्यात एक तरुण डॉक्टरीणबाई धावत आल्या. मुंबईच्या होत्या, अशाच पाठींच्या अभ्यासासाठी आलेल्या. मला म्हणाल्या, "मामा, जरा वाकून पायाला हात लावा बघू."

"कुणाच्या?" मी विचारलं.

"स्वतःच्या."

स्वतःच्या पायांना नमस्कार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि आली असती तरी जमलं नसतं. हात गुडघ्याशी थांबले. बाईंचा चेहरा असा खुलला जसं त्यांना गुप्तधनच सापडलं. लाल डोळेसुद्धा ह्याच पाठीचे पावणे आहेत म्हणाल्या. मग एक्स-रे झाला आणि घराण्याची चौकशी सुरू झाली. वडिलांची पाठ? ताठ होती, विहीर खणताना धरली. आत्या? हुपरीत दिलीय, चांदीचे पैंजण जोडून जोडून धरली. चुलतभाऊ? सायकलवरनं पडला. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "मामा, प्रत्येकाचं कारण वेगळं आणि दुखणं एकच. गंमत नाही वाटत?"

मला वाटली नाही. त्यांनी समजावलं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या शरीराच्या राखणदार. प्रत्येक पेशीवर घराण्याच्या खुणा असतात. त्यातली एक खूण, बी सत्तावीस नंबरची, अशा पाठीच्या लोकांत फार सापडते, असं परदेशात नुकतंच कळलेलं. ती खूण असली की कधीकधी राखणदार चोर सोडून घरच्यांनाच चावायला लागतात. का, ते अजून कुणाला ठाऊक नाही. आणि ही खूण आईबापाकडनं येते.

मी उठलो. आमच्या रक्तात खोट नाही, म्हणालो. बाईंनी दारापर्यंत येऊन एवढंच विचारलं, घरात कुणी तरुण आहे का, ज्याला सकाळी ताठरल्यासारखं होतं आणि काम केलं की मोकळं होतं?

"न्हाय," मी म्हणालो.

"हाय की," बायको म्हणाली. "माझं धाकटं दीर."

बाई मग माझ्याशी बोलायच्या थांबल्या आणि सगळं बायकोलाच सांगू लागल्या. माझी पाठ आता वळणार नाही. धाकट्याच्या हाडांत एक्स-रेला एवढ्यात काही दिसायचं नाही. पण रक्तात ती खूण निघाली तर दुखणं हेच, असं धरून चालता येईल. औषधानं मुळातनं जात नाही, पण रोज व्यायाम, पोहणं आणि गोळ्या ह्यांनी पाठ वाचवता येते. काही न करता थांबलं तर त्याची पाठ माझ्यासारखी होईल. त्यांना अभ्यासाला ताठ आणि वाकणारी, दोन्ही तऱ्हेची रक्ताची माणसं पाहिजे होती. कुणाचं नाव बाहेर जाणार नव्हतं. बायको म्हणाली, येत्या ऐतवारी गुऱ्हाळावर या, सगळी जमवते. मला विचारलं नाही.

ऐतवारी अकरा माणसं आली. भावकीला कुतूहल होतं, आणि मी प्रत्येकी एक ढेप कबूल केली होती. बी सत्तावीस म्हणजे उसाचीच नवी जात आणि सरकार बेणं फुकट देणार, अशा समजानं दोघं शेजारीही रांगेत उभे राहिले. बाईंनी त्यांना काढून लावलं नाही. बाहेरचं रक्तही ताडून बघायला लागतंच म्हणाल्या. हुपरीहून आत्ती एसटीनं आली. साठी उलटलेली, कमरेत पुढं वाकलेली, जीभ मात्र सरळ. धाकट्यानं काही न विचारता बाही वर केली. बाईंनी त्याला वाकायला लावून बोटं जमिनीपासून किती वर राहतात तेही टेपनं मोजून घेतलं.

बाटल्या एका डब्यात लावून बाईंनी मला बजावलं, "मामा, संध्याकाळच्या गाडीनं मी हे मुंबईला पाठवणार. तोवर सावलीत ठेवा. माणसाला सोसवेल तेवढीच ऊब हवी, गरम नको, गार नको. रक्त जिवंत राहिलं पाहिजे." आणि त्या जयसिंगपूरला दुसऱ्या एका घराण्याचं रक्त घ्यायला गेल्या.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यातलं ऊन. मी डब्याकडं बघितलं. उष्ण-गार मला शिकवायला ही पोर मुंबईहून आली. काढलेला रस दुपारी तासाभरात आंबतो, दूध नासतं, आणि रक्त काय टिकणार? आमच्यात दूध राखायचं तर कासंडी दोरानं विहिरीत सोडतात. मी डबा टोपलीत घातला, दोर बांधला आणि अलगद विहिरीत सोडला, पार पाण्याला टेकेपर्यंत. वर गड्यांना सांगितलंही, बघा, अक्कल म्हणतात ती ही.

बाई चारला परत आल्या. मी ऐटीत दोर ओढला. बाईंनी डब्याला हात लावला आणि मटकन मोळीवर बसल्या. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. शांतपणे म्हणाल्या की जित्या पेशीवर त्या औषध घालणार होत्या. औषधानं पेशी मेली की तिच्यावर ती खूण आहे असं समजायचं. आता आधीच मेलेल्या पेशीला काय विचारायचं?

घराण्यात खोट नाही म्हणणाऱ्या माणसानं एका दुपारी सगळं घराणं गार करून ठेवलं होतं. बाईंना बुधवारी कायमचं परत जायचं होतं. त्याच्या आत पुन्हा रक्त मिळालं नाही तर धाकट्याचं कळायचं राहून जाणार.

मंगळवारी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. नेण्यात बाटल्या फुटल्या, असं मी सांगून पाठवलं होतं. माणसं आली, पण बाही कुणी वर करेना. चुलत्यानं ढेपेचा आकार लहान होता इथपासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा कशाला, आमचं रक्त काय मळीचं पाणी आहे का? आत्ती पोत्यावर बसली होती. सगळ्यांचं झाल्यावर तिनं मला जवळ बोलावलं.

"भावाच्या लेका, बाटल्या फुटल्या तर काचा कुठं हायत?"

मी ढेपा मोजायला लागलो.

"मी म्हातारी दोन येळा एसटीत हिंदकळत आलीया. खरं सांग, न्हायतर ही मी चालले."

काहिलीखालचं चुलवाण धडधडत होतं. गडी, भावकी, शेजारी, सगळे बघत होते. धाकटा काहिलीशेजारी उभा होता. मला त्याच्याकडं बघायचं तर सगळंच वळायला लागणार होतं. मी वळलो.

"रक्त मी मारलं," म्हणालो. "इहिरीत सोडलं हुतं. आन् ह्यो आळशी न्हाय. ह्याच्या वयात मीबी असाच उठत हुतो. तुमच्या आधी तासभर उठून, चुलवाणाच्या भितीला पाठ शेकत पडत हुतो, म्हणून कुणाला दिसलं न्हाय. एवढाच फरक."

काहिलीवर फेस चढला तो खाली बसवायलासुद्धा कुणी हलेना. शेवटी आत्तीनं बाही वर केली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "घे गं बाई. ह्या घरात एक माणूस खरं बोललं, तेवढ्यासाठी दोन बाटल्या घे."

मग रांग लागली. ह्या खेपेला डबा मी मांडीवर घेऊन ट्रकमधून स्टेशनपर्यंत गेलो, अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा. ड्रायव्हरनं खिडकी उघडली तर मी भांडलो, बंद केली तर भांडलो.

दोन महिन्यांनी बाईंचं पत्र आलं. बायकोनं वाचून दाखवलं. प्रत्येकाला विचारून आम्ही ज्याचं त्याला सांगितलं. खूण माझ्यात, आत्तीत, सायकलवरनं पडलेल्या चुलतभावात, धाकट्यात. आणि चुलत्यातही, ज्याची पाठ सत्तराव्या वर्षी वेताच्या छडीसारखी लवायची. खूण असली म्हणजे दुखणं होतंच असं नाही, असं बाईंनी लिहिलं होतं. चुलत्याला हे पटेना. नंबर लागून काही मिळालंच नाही, म्हणून तो बरेच दिवस नाराज होता.

मी धाकट्याला सांगितलं की काहील तूच शिकायचीस आणि उद्यापासून पहाटे हाक मारणार नाही. तो म्हणाला, "हाक मारा की दादा. नाव तेवढं नका घेऊ." मग हाक मारून मी त्याला नदीवर न्यायचो आणि तो पोहेपर्यंत काठावर उभा राहायचो. पोहणं मला येत नाही, पण कसं पोहायचं ते मी सांगत असे. थंडीत तो शिव्या द्यायचा. द्यायला पाहिजेच होत्या, हिशेब लांबचा होता. भावकीतल्या ज्या पोरानं त्याला जुन्या नावानं हाक मारली, त्याला मी गुऱ्हाळावरनं हाकलला. तो म्हणाला, नाव तुम्हीच ठेवलेलं. म्हणालो, म्हणूनच मोडायचा हक्क माझा.

पुढच्या हंगामात बाई मुद्दाम येऊन गेल्या. धाकट्याला सरळ उभं करून वाकायला लावलं आणि बोटांपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपनं मोजलं. वर्षापूर्वी होतं तेवढंच निघालं. वाढलं नव्हतं. मी म्हणालो, पुन्हा मोजा, कापडाची टेप ताणते. त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढंच. तिसऱ्यांदा मोजा म्हणणार, तोवर धाकटा सरळ झाला.

"दादा, सरका," तो म्हणाला. "पाक आलाय." आणि काहील उतरवायला गड्यांना हाक मारत तो निघून गेला. पाक खरंच आला होता. माझ्या लक्षात आलं नव्हतं.