एकशे ऐंशी रत्तलांचा वैमानिक

जव्हारच्या आभाळात पहिलं कोण उडालं, हे मला विचारू नका! विचारलंत तर चहा गार होईल आणि माझं डोकं तापेल. पण आता तुम्ही खुर्च्या पुढे ओढल्याच आहेत, तर ऐका. कर्म माझं!

तेव्हा मी संस्थानच्या कचेरीत कारकून होतो. टाक कानावर आणि डोळे आभाळात. शिरपामाळावर घारी पंख न हलवता तरंगायच्या आणि इकडे माझ्या हातून लोकांच्या अर्जांवर शाई सांडायची.

नाशिककडचा एक साहेब मायदेशी परत निघाला होता. त्याच्याकडे दोन वापरलेली ग्लायडर होती, म्हणजे बिनइंजिनाची विमानं. एक लहान, एक मोठं. त्यातलं एक घ्या, म्हणून मी महिनाभर कारभारीसाहेबांच्या मागे लागलो.

शेवटी ते वैतागले. "घ्या बापूराव! पण उड्डाण एकदाच. त्यानंतर ते विमान शाळेच्या छपराला टांगायचं आणि तुम्ही गुमान टाक धरायचा."

एकदाच! मला तरी आयुष्यात दुसरं काय हवं होतं? एकदा उडायचं होतं, बस्स.

साहेबाने पत्रातून विचारलं, वैमानिकाची उंची किती, वजन किती, नुसतं टेकडीवरून खाली तरंगायचंय की लांब जायचंय? लहान विमान हलक्या माणसाचं, मोठं वजनदार माणसाचं. मोठ्यात हलका माणूस बसला तर नाक वर होऊन विमान आपटतं, हेही त्याने लिहिलं होतं. इतकं सरळ!

पण आमच्या कचेरीतून जाणारं प्रत्येक पत्र शिरस्तेदार सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे. माझं वजन शंभर रत्तल, तेही छत्रीसकट! ते काय दहा कारकुनांपुढे वाचून घेऊ? दिलं ठोकून, एकशे ऐंशी रत्तल! उंचीतही वीतभर घातली. शिवाय लांब जायचंय म्हणे!

शिरस्तेदारांनी चष्म्यावरून मला नखशिखांत पाहिलं. "एकशे ऐंशी?"

"हाडं जड आहेत," मी म्हणालो.

झालं. मोठं विमान आलं! आत बसून बघतो तर पाय कशालाच पोचेनात. टोपलीच्या तळाशी राहिलेल्या एकुलत्या वांग्यासारखा दिसत होतो मी. पायाखाली ठोकळे बांधले, पाठीमागे गोधडी कोंबली. राहता राहिलं वजन. त्यावर तोडगा काढला नाचणीचा. आधी एकशे ऐंशी रत्तल नाचणीचं पोतं बैठकीवर बांधून तोल बघायचा. मग त्यातली ऐंशी रत्तल ठेवायची आणि बाकीच्या जागी मी.

उड्डाणाच्या दिवशी माळावर ही गर्दी! विमानाला अडकवलेला रबरी दोर ताणून ते हवेत सोडायला मी साखरशेत गावची दहा माणसं बोलावली होती. मी हात वर केला की त्यांनी उताराकडे धावत सुटायचं.

बांधलेलं पोतं पाहून त्यांचा म्होरक्या सोमादादा खूश झाला. "हां! आता बराबर केला तुमी!"

मला वाटलं, गड्याला तोल कळला. माझी छाती फुगली हो!

तेवढ्यात कारभारीसाहेब खालून चढताना दिसले, भलत्याच वाटेला लागलेले. "इकडून! इकडून या!" म्हणत मी हात वर केला.

दहाजण आरोळी ठोकून जे सुटले!

"अरे थांबा! मी खाली आहे! मी!"

कोण थांबतंय? विमान उचललं. आणि काय देखणं उडालं म्हणता! डुललं नाही, नाक वर केलं नाही. एकशे ऐंशी रत्तलांना अगदी मापाचं! टोपी हातात धरून मी मागे धावतोय आणि ते तरंगत तरंगत खालच्या कापणी झालेल्या शेतात उतरलं. बांधाला लागून एक पंख मोडला तेवढाच.

"सोमादादा, मी आत नव्हतो! दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसला की."

"मग ओढलंत का?"

"नव्या गाडीत पयला दाना जातो, माणूस मागून पायी. आमची रीतच हाय. तुमी दाना बसवला, हात वर केला. मंग?" माझं तोंड बघून त्याला कीव आली असावी. "दुसऱ्या खेपेला तुमी बसा ना."

दुसरी खेप! कारभारीसाहेब धापा टाकत वर आले आणि चक्क टाळ्या वाजवायला लागले. "वा, बापूराव! उडालं! आता टांगा छपराला."

रडू आलं मला, खरं सांगतो. पण चिडू कुणावर? शंभर रत्तल लिहायची लाज वाटली, म्हणून कागदावरचा तो धिप्पाड माणूस उडाला आणि मी खाली राहिलो.

महिन्याभराने साहेबाचं पत्र आलं. विमान मापाचं निघालं का? एकशे ऐंशी रत्तलांचे वैमानिक कसे आहेत?

या वेळी मी खरं तेच लिहिलं आणि शिरस्तेदारांनी ते सगळ्या कचेरीपुढे मोठ्याने वाचलं. "वैमानिक उत्तम उडाले, सुखरूप उतरले. गेल्या आठवड्यात आमच्या घरी त्यांच्या भाकरी केल्या."