सलोमीबाईंची माफी

सलोमीबाई कुणाच्या घरी पुढच्या दाराने जायच्या नाहीत. मागच्या अंगणातून, न्हाणीला वळसा घालून थेट चुलीपाशी. तिथे पातेल्यावरचं झाकण उचलून आत काय शिजतंय ते बघायचं आणि मग बसायचं. माझ्या बाबांना याचा भारी राग. "चारचौघांसारखं बैठकीत येता येत नाही का या बाईला?" असं ते आईला म्हणाले की आतून आवाज यायचा, "मास्तर, बैठकीत सारेच बरं हाय सांगतेत. घरात खायले हाय का नाई, ते चुलीपाशीच समजते!"

सेलूच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत तेव्हा मोजकीच घरं होती. पाळकसाहेब वर्ध्याहून महिन्यातून एका रविवारी एसटीने यायचे, उपासना घ्यायचे, जेवायचे आणि परत जायचे. बाकी सगळा कारभार पंचांचा. चार पुरुष आणि एक सलोमीबाई. त्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. लग्न केलेलं नाही, तोंडाने फटकळ. नावाला माझे बाबा ज्येष्ठ पंच, शाळेचे हेडमास्तर. पण मंडळी चालायची ती सलोमीबाईंच्या पायांवर. कोण आजारी, कुणाची सून रुसून माहेरी गेली, रविवारी कोण दिसलं नाही, सगळं त्यांना ठाऊक. तेही फक्त आपल्या लोकांचं नव्हे. शेजारच्या पाटलांची सून अडली तरी हाक त्यांनाच. एकदा एक पंच तापाने फणफणलेल्या मुलीच्या खाटेशी लांबच लांब प्रार्थना करत होते. सलोमीबाई दोनदा खाकरल्या, मग म्हणाल्या, "भाऊ, आमेन म्हना आता. देवाले समजलं. पोट्टीच्या पट्ट्या बदलाच्या हायेत."

गावाबाहेर बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्यांची वस्ती होती. त्यांचा रोग गेला होता, पण झडलेली बोटं काही परत येत नाहीत, आणि लोकांची भीती तर त्याहून चिवट. त्यातली काही घरं ख्रिस्ती होती. ती माणसं उपासनेला यायची आणि चर्चच्या वऱ्हांड्यात बसायची. असा नियम कुणी केला नव्हता, पण आतल्या बाकावर त्यांच्यातलं कुणी बसलेलं मी लहानपणापासून पाहिलं नव्हतं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आमच्यात प्रीतिभोजन असे. घरोघरून डाळ-तांदूळ गोळा करायचे, चर्चच्या आवारात मोठाले गंज चुलीवर चढवायचे आणि सगळ्या मंडळीने एका पंगतीला जेवायचं. एका पंगतीला म्हणजे वस्तीवाले सोडून! त्यांच्या पत्रावळी वऱ्हांड्यात जायच्या. त्यांच्याकडून दाणाही घ्यायचा नाही. गरिबांना फुकट जेवू घालतो म्हणून आम्हाला आमचं केवढं कौतुक!

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. मी वर्ध्याला शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत होते, नाताळच्या सुट्टीत घरी आले होते. पंचांची बैठक आमच्याच घरी भरली. मी चहा घेऊन गेले तेव्हा सलोमीबाई म्हणत होत्या, "यंदा वस्तीची डाळ घ्याची. त्यांच्याच वावरातली तूर हाय, त्यांनीच भरडली."

"त्यांनीच भरडली, हीच तर अडचण आहे," बाबा म्हणाले. "त्या हातांनी."

"त्या हाताचे फोड मी उभा जन्म धुतले. मेली का मी?"

"तुमचा प्रश्न नाही, बाई. लोक जेवायला येणार नाहीत. मंडळी फुटेल."

"अन् आता काय जुडून हाय? अर्धी आत, अर्धी भाईर!"

चौघांनी एकमताने ठरवलं, वस्तीची डाळ घ्यायची नाही. सलोमीबाई चहाला हात न लावता उठल्या.

डाळ गोळा करायचं काम दर वर्षी त्यांच्याकडेच असायचं. दुसऱ्या दिवशी त्या आधी वस्तीत गेल्या, तिथली डाळ पोत्यात घेतली, पोतं हातगाडीवर टाकलं आणि गावात आल्या. त्या दिवशी मात्र प्रत्येकाच्या पुढच्या दारी. त्यांनी चोरून काहीही केलं नाही, हे मी ठासून सांगते, कारण पुढे लोकांनी "बाईने फसवलं" म्हणून कांगावा केला. दारात उभं राहून त्या खणखणीत आवाजात सांगत होत्या, "खाली वस्तीची डाळ हाय. तुमची वरून टाकता, का जाऊ पुढं?" बस, एवढंच. ना शास्त्रातलं वचन, ना विनवणी. पोतं एकच. डाळीत डाळ मिसळली की निवडत बसणार कोण? काहींनी टाकली, काहींनी दार लोटून घेतलं. आमच्या दारात बाबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"पंचांचा ठराव मोडता?"

"मोडला, मास्तर. टाकता का जाऊ?"

बाबांनी धाडकन दार लावलं. गाडी कोपऱ्यावर पोचायच्या आत आई मागच्या दाराने पदरात डाळ घेऊन धावत सुटली. उभ्या आयुष्यात बाबांच्या शब्दाबाहेर न गेलेली माझी आई! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

भोजनाला निम्मी मंडळी आली. बाबा आले नाहीत, आणि त्यात त्यांचा डाव होता. आमच्यात जेवणाआधीची प्रार्थना ज्येष्ठ पंचानेच करायची आणि प्रार्थनेवाचून कुणी घास उचलायचा नाही, ही रीत. पाळकसाहेब आदल्या दिवशीच दुसऱ्या गावी गेलेले. म्हणजे बाबा घरी बसले की भात गार होणार आणि लोक हात हलवत परत जाणार. हुशारच माझे बाबा!

इकडे वस्तीवाले सवयीने वऱ्हांड्याच्या पायऱ्या चढायला लागले. दौलत म्हणून त्यांच्यातला एक म्हातारा होता, तो म्हणाला, "बाई, आमी वरतेच बसतो. आमच्यापायी कायले झगडा?"

सलोमीबाई भडकल्या त्या त्याच्यावरच. "चूप! तुही डाळ गंजात शिजून राह्यली, अन् तू वरते बसतं? उतर खाली. तुमी वर बसान तर मी आज उपाशी राहीन!"

उतरले बिचारे. पंगत बसली, वाढून झालं, आणि सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, मास्तरांना बोलावणं धाडा.

"ज्याले याचं होतं तो आला," सलोमीबाई म्हणाल्या. "दौलत, तू कर प्रार्थना."

त्याला आजवर कुणी प्रार्थना करायला सांगितलं नव्हतं. तो उभा राहिला, बोटं नसलेले पंजे एकमेकांवर ठेवले आणि म्हणाला, "बापा, आज आमची डाळ घेतली. आमाले पंगतीत घेतलं. आता जेवतो. आमेन." मला रडू कोसळलं. कशाला लपवू?

त्यानंतर घरी आठवडाभर बाबांचा पारा चढलेला. पंचांनी पाळकसाहेबांच्या कानावर घातलं आणि ठरलं की सलोमीबाईंनी भर उपासनेत मंडळीपुढे उभं राहून माफी मागावी. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला उभं करतात, तसं! मी तडक त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "अजिबात मागायची नाही हं माफी!"

"काऊन?" भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या. "मागतो ना. मले मागाचीच हाय."

पंचपद त्यांचं शेवटी गेलंच. पुढे वयाच्या ऐंशीनंतर त्या वारल्या तेव्हाही मंडळीच्या साध्या सभासदच होत्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं, चीड येते. पण तो माफीचा रविवार माझ्यापासून कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

चर्च खच्चून भरलं होतं. बाई वाकताना बघायची होती ना सगळ्यांना! वस्तीवाले वऱ्हांड्यात, आपल्या नेहमीच्या जागी. पाळकसाहेबांनी नाव घेतलं तशा सलोमीबाई उठल्या, पुढे जाऊन त्यांना सलाम केला, आणि आमच्याकडे तोंड न करता बाकांच्या मधून सरळ चालत दारापाशी गेल्या.

"दौलत, काशी, सारे ऐका," त्या वऱ्हांड्याकडे बघून म्हणाल्या. "इतके नाताळ तुमच्या पत्रावळी भाईर आनून देनारी मीच होती. लय मोठी सेवा करून राह्यली, असं समजत होती. आत या म्हनाले माहं तोंड उघडलं नाई. मले माफ करा." मग आवाज चढला. "अन् माफी द्याची असन तर आत येऊन द्या. भाईरून दिलेली मी घेनार नाई!"

कुणी हलेना. पाळकसाहेब पुस्तकात बघत होते. मग दौलतशेजारी बसलेली काशी उठली. उंबऱ्यावर क्षणभर थांबली आणि आत आली. बायकांच्या बाजूला आईने सरकून तिला जागा दिली. तिच्यामागून दौलत आला, लंगडत लंगडत थेट पुरुषांच्या पहिल्या बाकापर्यंत, आणि बाबांच्या शेजारी उभा राहिला. बाबा समोर बघत ताठ बसून होते.

दारातून सलोमीबाईंचा आवाज आला, "मास्तर, सरका थोडे."

बाबा सरकले.