कादंबरी खोलणारे घरमालक

कादंबरी खोलून, पुसून पुन्हा जोडणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच असेल, आणि माझ्या नशिबाने तो माझा घरमालक आहे. केडगावात त्यांच्या वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं राहतोय. काकांची हयात नागापूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर घरातला मिक्सर, पंखे, शेजारणीचं शिलाई मशीन असं सगळं उघडून झालं, तेव्हा ते पुस्तकांकडे वळले. वाचतानाही कानामागे पेन्सिल असते. पुस्तक आवडलं तर "बसलं बरोबर", नाही आवडलं तर "आवाज करतंय". काकू म्हणतात, "ह्ये वाचत न्हाईत, ओव्हरहॉलिंग करत्यात."

एकदा मी त्यांना एक जाडजूड कादंबरी दिली. एका घरातलं भांडण पाच जण आपापल्या तोंडाने सांगतात आणि काळ सारखा मागेपुढे होतो. तिसऱ्या दिवशी काका वर आले. "सर, बायंडरनं घोळ घातलाय. म्हातारा साठाव्या पानावर मेला, आन शंभराव्या पानावर लगीन करतोय." मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, म्हणजे पटलं नव्हतं. रविवारी खाली जाऊन बघतो तर माझ्या पुस्तकाची शिवण उसवून ओट्यावर चादर अंथरलेली, तिच्यावर प्रकरणं काळाच्या क्रमाने मांडलेली आणि उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक नट. मला भयंकर राग आला. चार दिवसांनी मात्र त्यांनी स्वतःच ते होतं तसं शिवून आणून दिलं. "काळाच्या वळीनं लावलं तर सगळं जागेवर बसतं, पन चालत न्हाई. एकाचं ऐकून त्याच्या बाजूनं व्हायचं, मग दुसऱ्याचं ऐकून खजील व्हायचं, अशी ती जोडनी हाय." मी कॉलेजात मराठी शिकवतो, पण इतकं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलेलं नाही.

तेवढ्यावर थांबतील तर ते काका कसले. कोल्हारच्या माझ्या थोरल्या भावाशी मी तीन वर्षं बोलत नव्हतो. वडील आठवडाभर आजारी होते आणि दादाने मला ते गेल्यावर कळवलं. ही हकिगत मी काकांना चहाबरोबर कितीदा तरी ऐकवली होती. त्या दिवशी ते म्हणाले, "तुमचं प्रकरन माजं पाठ झालंय. भावाचं अजून वाचलंच न्हाई." दुसऱ्या सकाळी मला न विचारता त्यांनी कोल्हारची एसटी धरली.

परत आले ते दादाने दिलेली पेरूंची पिशवी घेऊन, आणि जिन्यातच बसले. "त्या आठवड्यात तुमची प्राध्यापकीची परीक्षा हुती. वडलांनी भावाला शपथ घातली, धाकट्याचा पेपर हुईस्तोवर कळवू नको म्हनून. भाऊ म्हनला, खरं सांगितलं तर त्यो सवताला दोष दील. त्यापरास माज्यावर रागवू दे."

त्याच परीक्षेवर मला ही नोकरी लागली होती. मी तिथेच दादाला फोन लावला. काका उगाचच पेरू निवडत बसले.

या माणसाने मला माझा भाऊ परत दिला. त्यांचे उपकार कसे फेडायचे, मला खरोखर कळत नाही. आता मी दर महिन्याला कोल्हारला जातो. दादा आणि मी वडिलांविषयी तासन्‌तास बोलतो. त्या आठवड्यात त्यांनी दाराकडे किती वेळा पाहिलं, हे विचारायचा धीर मात्र मला अजून होत नाही.