खंड्याची तार

बरखेड्यातले आमचे शेजारी रिटायर झाल्यापासून तळ्यावर पक्ष्यांचे फोटो काढतात. हातभर लांब झूम लेन्स, आणि घरी आलं की कॉम्प्युटरवर फोटोंची साफसफाई. पाण्यात तरंगणारी प्लास्टिकची पन्नी पुसायची, आभाळ जरा निळं करायचं आणि मला हाक मारायची, "अहो, बघा तर सही!"

परवा त्यांनी विजेच्या तारेवरचा खंड्या दाखवला. तार नजरेला खुपली म्हणून पुसून टाकलेली. खंड्या हवेतच ऐटीत बसला होता. मी तोंडभरून कौतुक केलं.

सकाळी दूध आणायला निघालो, तर हे दारात. "नाही पटलं हो. बिचारा बसणार कशावर?"

मी जाऊन बघितलं. तार परत आली होती, आधीपेक्षा जरा जाडच.