टिटवीची सावली

सगुणाबाईला काळजी करायला कारण लागत नाही. तिचे मालक, पुंजाबाबा, दहा मिनिटं उशिरा आले की हिच्या डोळ्यांपुढे ट्रक उभा. आभाळ जरा भरून आलं की कोथिंबीर सडली म्हणून ही मोकळी. माहेर सायखेड्याचं. लहानपणी पावसाळ्यात गंगेचं, म्हणजे गावच्या नदीचं, पाणी कुठवर आलं ते बघायला घरातली माणसं सारखी उठायची, त्यांच्या पाठोपाठ हीही उठायची, आणि ती सवय अंगात भिनली ती भिनलीच. "तुझ्या जिवाला जरा दम हाय का नाय?" असं पुंजाबाबा चाळीस वर्षं विचारतायत. दम काही आलेला नाही.

मखमलाबादच्या अलीकडे त्यांचा पाऊण एकराचा तुकडा आहे. दोन्ही अंगाला बिल्डिंगी उठल्या, मधे यांची मेथी, कोथिंबीर आणि झेंडू. मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मेथी निघाली, रान रिकामं झालं, आणि भाड्यानं ट्रॅक्टर चालवणाऱ्या दत्तूनं रोटर मारून सगळी माती उलटवली. रोटर मारून होतोय न होतोय तोच एक टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली. टिटवी झाडावर घर करत नाही. उघड्या रानात चार खडे इकडेतिकडे सारायचे आणि तिथंच अंडी घालायची. अंडीही अशी मातकट, की पाय पडेस्तोवर कळत नाहीत. दत्तूला हे ठाऊक नव्हतं, पण सगुणाबाईला ठाऊक होतं. तिनं आधी रानात फिरून बघायला हवं होतं. नाही बघितलं. ती टिटवी तीन दिवस त्या भुसभुशीत मातीवर आकांत करत होती आणि ते तीन दिवस सगुणाबाईच्या घशाखाली घास उतरला नाही.

यंदा तिनं रिकामं रान पावलापावलानं धुंडाळलं. मधल्या वाफ्यात चार अंडी दिसली. लागलीच दत्तूला फोन केला.

"ट्रॅक्टर आणू नको. महिनाभर आणू नको."

"का गं काकू?"

"सांगितलं ना एकदा!"

यंदा या अंड्यांना काही होऊ द्यायचं नाही, एवढंच तिनं धरलं. इथवर सगळं शहाणपणाचं झालं. पण इथं थांबेल तर ती सगुणाबाई कसली?

दुसऱ्या दिवशी ऊन चढायला लागलं तशी हिची घालमेल सुरू झाली. मिरचीच्या रोपांना आपण सावली करतो, मग या मुक्या जिवानं काय घोडं मारलं? तिनं अंड्यांभोवती चार काठ्या रोवल्या, वर हिरवी शेडनेट बांधली. शेजारी परातीत पाणी ठेवलं आणि दोन मुठी ज्वारी टाकली. टिटवी किडे टिपते, दाण्याला तोंड लावत नाही, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण दारी आलेल्या बाळंतिणीपुढे काहीच ठेवायचं नाही म्हणजे काय!

मग ती बांधावर जाऊन बसली. टिटवी पिवळ्या काटकुळ्या पायांवर तुरुतुरु चालत यायची, वाऱ्यानं जाळी फडफडली की दचकून मागे पळायची आणि लांबूनच ओरडायची. दहा वाजले, साडेदहा वाजले, ती काही अंड्यांवर बसेना. त्यात ऊन तिरपं, त्यामुळे जाळीची सावली अंड्यांवर पडायची सोडून हातभर पलीकडे पडलेली. अंडी उघड्या उन्हात. सगुणाबाई जाळी सरकवायला उठली तर टिटवी थेट तिच्या डोक्यावर झेपावली. आता मात्र सगुणाबाई जाळी तशीच टाकून रानाबाहेर पळाली.

शेजारच्या बिल्डिंगीत चौथ्या मजल्यावर मनीषा मॅडम राहतात. शाळेत शिकवतात. पक्षी बघायचं त्यांना वेड, पण त्यासाठी गाडी काढून पाणथळ जागा आणि धरणं पालथी घालणाऱ्यांतल्या त्या नाहीत. रोज गच्चीवर दुर्बीण घेऊन बसतात आणि समोर दिसेल ते वहीत लिहितात. त्या दिवशी रविवार होता. सगुणाबाई चार जिने चढून धापा टाकत त्यांच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, टिटवी बसंना. अंडी शिजतील हो माझी!"

मॅडमनी गच्चीवर नेऊन दुर्बीण लावली. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, ती जाळी काढा. तिला ती सापळा वाटतेय. आणि खाली दाणे टाकलेत का?"

"ज्वारी टाकली थोडी."

"तारेवर बघा."

तारेवर दोन कावळे येऊन बसले होते.

"सगळं एका दमात उचला आणि वर या. तिथं रेंगाळू नका. पक्षी काम सोडून आपल्याकडे बघायला लागला, की समजायचं आपण नको तितके जवळ गेलोय."

सगुणाबाई पळाली. जाळी काढली, काठ्या उपटल्या, परात काखेत मारली. पण ज्वारी? ती मातीत विखुरलेली. खाली बसून ती एकेक दाणा वेचायला लागली. दाणे ठेवले तर कावळे येणार आणि वेचत बसलं तर टिटवी येणार नाही. करावं तरी काय? फोन वाजला.

"मावशी, उठा!"

"पण दाणे, मॅडम..."

"तुम्ही आहात तोवर ती बसणार नाही. उठा तिथून!"

उठली. पण पाय ओढत, सतरा वेळा मागे बघत. गच्चीवर पोचेस्तोवर एक कावळा खाली उतरला होता. आधी त्यानं दाणे टिपले, मग मान तिरकी करून अंड्यांकडे बघितलं, आणि एक अंडं चोचीत धरून उडून गेला.

"मी आणला त्याला," सगुणाबाई म्हणाली. "माझ्या हातानं दाणे टाकून आणला."

दुसरा कावळा उतरला तशी ती पायातली चप्पल काढून कठड्याकडे धावली. मॅडमनी तिचं मनगट घट्ट धरलं. "ओरडू नका. तीही बुजेल." तेवढ्यात टिटवी आणि तिचा नर, दोघांनी मिळून त्या कावळ्यावर अशी झडप घातली की तो मुकाट पळाला. टिटवी मात्र अंड्यांकडे न जाता कोपऱ्यातल्या गळक्या व्हॉल्व्हकडे गेली आणि तिथल्या डबक्यात बसली.

"आंघोळ करायची ही येळ हाय का!" सगुणाबाई कळवळली.

"पोट भिजवतेय. बघा तरी."

टिटवी उठली, ओल्या पोटानं चालत आली आणि उरलेल्या तीन अंड्यांवर हळूच बसली. ओल्या पिसांनी अंडी गार करत होती ती.

"म्हणजे तिला सगळं येतंय," सगुणाबाई म्हणाली.

"येतंय."

"मग मी काय केलं?"

मनीषा मॅडमनी दुर्बीण तिच्या हातात दिली.

त्यानंतर तीन आठवडे सगुणाबाईनं त्या रिकाम्या रानात पाऊल टाकलं नाही. घरी जायला बिल्डिंगीच्या मागून वळसा घालायची. पुंजाबाबा व्हॉल्व्ह दुरुस्त करायला निघाले तर "हात लावून तर बघा!" म्हणून अंगावर धावली. सकाळ-संध्याकाळ गच्चीवर यायची, दुर्बिणीतून बघायची आणि कुत्री, मांजरं, अवकाळी पाऊस यांची एकेक करून काळजी करायची. मॅडमना शाळेला उशीर व्हायचा. पण चहा दिल्याशिवाय त्यांनी तिला कधी खाली पाठवलं नाही.

एका बुधवारी ती गंगेवरच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसली होती. सुट्ट्या लागल्या होत्या, मॅडम घरीच होत्या. फोन आला.

"मावशी, पिल्लं निघाली! दोन चालायला लागलीत, तिसऱ्याचंही अंग वाळत आलंय. रिक्षा करा आणि सरळ गच्चीवर या. पुरतं वाळलं की ती आईमागं निघून जातील, मग दिसायची नाहीत."

सगुणाबाई ताडकन उठली. पदर खोचला, टोपली शेजारणीकडे सरकवली, दोन पावलं चाललीही. आणि थांबली.

"नको, मॅडम."

"अहो, वीस मिनिटांत पोचाल!"

"मला माझा भरवसा नाय. एखादं पडलं-धडपडलं तर माझ्यानं गच्चीवर राहवणार नाय. मी खाली पळत जाईन. तुम्हीच बघा आन् मला सांगा."

मग मॅडम सांगत गेल्या आणि ती भर बाजारात दुसऱ्या कानावर हात दाबून ऐकत राहिली. आई पुढे चाललीय. एक तिच्या मागे पोचलं. दुसरं बांधावर चढलं. तिसरं सरीत पडलंय.

"पडलं? आन् मग?"

"उठायला बघतंय. थांबा."

समोर एक गिऱ्हाईक बाई जुडी हातात धरून भाव विचारत होती. सगुणाबाईला ती दिसतही नव्हती.

"नाय जमत का त्याला? मॅडम? बोला की!"

"आई मागे आलीय. हाक मारतेय त्याला. उठलं, मावशी! चढलं बांधावर. तिघंही पलीकडच्या गवतात गेली."

सगुणाबाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. गिऱ्हाईक बाई घाबरली. जुडी खाली ठेवून तिच्याजवळ वाकली.

"काय झालं मावशी? घरी काही वाईट झालं का?"

"नाय गं माय," सगुणाबाई डोळे पुसत म्हणाली. "लय चांगलं झालं. माझ्यावाचून झालं."