डॉक्टरीणबाईंना मी ‘नाही’ म्हटलं

कापूस वेचताना आमच्याकडे दरेक बाईची आपली पात असते, म्हणजे पऱ्हाटीच्या झाडांची एक ओळ. तीन वर्षांआधी माझी सून पातीत मागं पडू लागली. वाकली की तिला दम लागे, उभी झाली की बरं वाटे.

“आत्याबाई, वाकलं की छातीत कसंतरीच होते.”

“मंग महाराणीले वावरात खुर्ची आणू काय?” मी म्हटलं. बाया खो खो हसल्या. त्यांना मीच हसवलं, हे लिहितानाही मान खाली जाते.

त्याच हंगामात एक दिवस सकाळी तिच्या हातातला कापूस गळून पडला. “आता हातही थकले काय ओ?” मी म्हटलं. ती वळली, तर तोंड एका बाजूनं वाकडं. शब्दच फुटेना.

अंगावरून वारं गेलं, असं बाया म्हणाल्या. मीही दवाखाना सोडून तिला लकव्याचं तेल चोळणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलं. चोळण्यातच दुपार गेली. मुलगा बोरी अरबच्या बाजारातून आला, माझ्यावर ओरडला, तेव्हा कुठं यवतमाळ गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हृदयाचा इको काढला. “हृदयात गाठ आहे. कॅन्सरची नाही, पण देठावर लोंबते, रक्ताची वाट अडवते. तिचाच तुकडा सुटून मेंदूत गेला. असं फार क्वचित होतं.” मग विचारलं, “आधी कधी दम लागायचा?”

सून खाटेवरून माझ्याकडे पाहत होती. तिला सारं समजत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. मुलगाही पाहत होता.

“नाही जी,” मी म्हटलं. “काहीच नव्हतं.”

नागपूरला ऑपरेशन होऊन गाठ निघाली. बोलणं हळूहळू परत आलं. उजवा हात काही पुरता आला नाही.

यंदा ती हट्टानं वावरात आली. डाव्या हातानं वेचायचं म्हणे. वेचलेला कापूस टाकायची कमरेची ओटी तिला बांधता येईना, ती मी बांधून दिली. गाठ मारता मारता म्हटलं, “मी त्या दिवशी डॉक्टरीणबाईले खोटं बोलली.”

“मले माहीत आहे ना. मी तिथंच होती.” मग पातीकडे पाहत म्हणाली, “यायले, तुमच्या लेकाले, मी अजून नाही सांगितलं. तुम्हीच सांगजा.”

संध्याकाळी जेवताना मुलाला सगळं सांगितलं, खुर्चीचं बोलणंही. त्यानं हातातला घास ताटात ठेवला. पण उठला नाही. मग सूनच डाव्या हातानं त्याला वरण वाढू लागली. अर्धं ताटाबाहेर सांडलं. ते मी पुसलं.