भाऊबीजेची नाडी

परवा व्यायामशाळेची दोन माणसं घरी आली. म्हणाली, "ताई, दादांवर दोन पानं लिहून द्या. स्मरणिकेत छापायचंय. जरा हृदयस्पर्शी असू द्या." हृदयस्पर्शी! आणि ते मागायला आले कुणाकडे, तर माझ्याकडे. म्हटलं, लिहिते. पण लिहीन ते खरं लिहीन. छापायचं तर छापा, नाहीतर चुलीत घाला.

नीलकंठदादा माझा सख्खा थोरला भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. बनारसच्या एका कॉलेजात अठ्ठावीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवत होता. काडीसारखा माणूस, गळ्यात शिट्टी, खिशात स्टॉपवॉच, काखेत निळी वही. पहाटे मुलांना पळवायचा आणि मग एकेकाचं मनगट धरून ठोके मोजायचा. पळण्याआधी किती, पळाल्यावर किती, पाच मिनिटांनी किती. आमच्या बालाजी घाटावरचे मल्लाह, म्हणजे नावाडी, त्याच्या तावडीतून सुटले नाहीत, दूधवाला सुटला नाही. दूधवाला म्हणायचा, "मास्टरसाहब, पहले दूध तो नाप लें!" लोकांना गंमत वाटायची. त्याचे दोन निबंध छापून आले, दिल्लीला सत्कार झाला, शाल मिळाली. सगळं खरं आहे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

मला पोहायला त्यानेच शिकवलं. सतराव्या वर्षी मी घाटावरून निघून पलीकडच्या रेतीला हात लावून परत यायची, मधे न थांबता. गल्लीतल्या बायका नाकं मुरडायच्या. दादा म्हणायचा, "मुरडू देत, त्यांच्या नाकालाही व्यायाम नको का?" सन अठ्ठावन्न. लखनौच्या स्पर्धेसाठी माझी निवड झाली. जाण्याआधी डॉक्टरी तपासणी हवी होती, म्हणून दादा मला एका मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी मनगट धरलं, घड्याळ बघितलं, पुन्हा धरलं. मिनिटाला शेहेचाळीस. साधारण माणसाचे सत्तर-बहात्तर असतात. डॉक्टर दादाला बाजूला घेऊन म्हणाले, मुलीचं हृदय अशक्त आहे. पोहणं बंद, धावपळ बंद, आणि लग्नाचं न बोललेलं बरं, बाळंतपण सोसणार नाही.

झालं. लखनौ राहिलं. स्थळं यायची ती दारातूनच परत जायची, "हृदयाची मुलगी" म्हणून. पुढे आई गेली, अंबिकावहिनी आली, मृणालिनी झाली. घरात मला कुणी बादली उचलू देत नसे. पोळ्या मात्र वीस-वीस लाटायची. लाटण्याला हृदय लागत नाही ना! मृणालिनीला न्हाऊ घातलं मी, शाळेत पोचवलं मी, तिच्या गोवरात आठ दिवस उशाशी बसले मी. वहिनी वाईट नव्हती, सगळ्यांना सांगायची, "आमच्या वन्संना जपावं लागतं." जपलं हो, फार जपलं. मुरंब्यासारखं बरणीत जपलं.

आणि दर भाऊबीजेला एक सोहळा. मी दादाला ओवाळायची, तो तबकात साडी ठेवायचा आणि लगेच माझं मनगट धरून घड्याळाकडे बघत बसायचा. पहिल्या वर्षी ठोके अठ्ठावन्न निघाले, दुसऱ्या वर्षी सहासष्ट. घरात केवढा आनंद! आरामाचा गुण आला, हृदय सुधारतंय, म्हणून बालाजीच्या देवळात पेढे ठेवले. पुढे चौऱ्याहत्तर-शहात्तरवर येऊन थांबले, तरी दादाने मोजणं सोडलं नाही. शेजारणी म्हणायच्या, "भाऊ असावा तर असा!" मलाही तसंच वाटायचं. वर्षभर त्या एका मिनिटाची वाट बघायची मी, खोटं कशाला सांगू.

आता चौऱ्याऐंशी सालाची गोष्ट. मृणालिनी एकवीसची, पंधराशे मीटर पळायची, बापानेच तयार केलेली. एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या जागेवर तिची निवड झाली. फक्त डॉक्टरी तपासणी राहिली होती. ती दुपारी घरी आली, चपला भिरकावल्या आणि माझ्या मांडीत डोकं घातलं. "आत्या, अनफिट कर दिया. चव्वेचाळीस आली नाडी. डॉक्टर म्हणतो दिल कमजोर आहे."

म्हटलं, देवा, आता हिचंही तेच? मी रडायलाच लागले. दादा मात्र रागाने लाल! "मूर्ख आहे तो डॉक्टर! हे दुखणं नाही, ही कमाई आहे. पोरीने सहा वर्षं पळून कमावलेलं हृदय आहे ते. एका ठोक्यात दुसऱ्याच्या दीडपट रक्त फेकतं, म्हणून सावकाश चालतं." रडता रडता मी ते ऐकलं. ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. माझं लक्ष पोरीकडे होतं.

आठ दिवसांनी फेरतपासणी. निघताना दादा म्हणाला, "शरू, तूही चल. नुसती बस तिथे." मला वाटलं, मृणालिनीला धीर द्यायला नेतोय. मी डब्यात दशम्या घेतल्या.

डॉक्टरच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. दार अर्धवट उघडं होतं. दादा आत वह्या मांडत होता, आलेख दाखवत होता. डॉक्टर कंटाळून म्हणाला, "मास्टरजी, ये सब ठीक है. लेकिन बीमारी नहीं है, इसका सबूत?" दादाने दाराशी येऊन हाक मारली, "शरू, आत ये."

मी आत गेले. टेबलावर सगळ्यात जुनी निळी वही उघडी होती. दादाच्या अक्षरात लिहिलं होतं: श., स्त्री, वय सतरा, जलतरण, शेहेचाळीस. त्याखाली: व्यायाम बंद. त्याखाली अठ्ठावन्न. मग सहासष्ट. अशा ओळीने पंचवीस भाऊबीजा.

डॉक्टरने माझं मनगट धरलं. "अठहत्तर." आणि दादा टाळी वाजवून म्हणाला, "देखिए! पानी छूटा, और नाड़ी चढ़ गई! बीमारी होती तो ऐसे जाती?" डॉक्टरचा चेहरा बदलला. त्याने मृणालिनीला तीनदा जिना चढ-उतर करायला लावलं, ठोके कसे चढतात, कसे झरझर उतरतात ते पाहिलं आणि कागदावर सही केली. पोर पास झाली. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मृणालिनीला मी पुढे पाठवलं आणि जिन्यातच दादाला अडवलं.

"मला काहीच झालं नव्हतं?"

तो वह्या पिशवीत कोंबायला लागला.

"कधी कळलं तुला?"

"एकाहत्तरला. कॉलेजच्या लायब्ररीत एक लेख वाचला."

"एकाहत्तरला मी तीस वर्षांची होते, दादा! तेरा वर्षं झाली. दर भाऊबीजेला माझा हात हातात होता तुझ्या!"

"सांगून काय करणार होतो, शरू? लग्नाचं वय गेलं होतं. उगाच वाईट वाटलं असतं तुला." आणि मग त्या शहाण्याच्या तोंडून निघून गेलं, "शिवाय तू परत पोहायला लागली असतीस, तर नोंदी..." तिथेच थांबला.

नोंदी! माझा जन्म गेला आणि याला नोंदींची पडली होती. मी त्याला जिन्यात उभं राहून वाट्टेल ते बोलले. डॉक्टर चुकला होता, ठीक आहे, त्याला माहीत नव्हतं. तेव्हा तूही चुकलास, तेही सोडलं. पण माहीत झाल्यावर? घाट घरापासून चाळीस पायऱ्यांवर होता रे! बोलता बोलता दम लागला मला, आणि त्या क्षणी सुद्धा त्याची नजर माझ्या मनगटाकडे गेली. दशम्यांचा डबा मी त्याच्या हातावर आदळला आणि चालत निघाले.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला ओवाळलं. तो तबकात साडी ठेवायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "साडी नको. ती वही दे." वहिनी बघतच राहिली. तो उठला, वही आणली आणि मुकाट्याने तबकात ठेवली. मग सवयीने हात पुढे केला. मी माझा हात पदराखाली घेतला.

थंडी सरल्यावर मी पाण्यात उतरले. त्रेचाळीसाव्या वर्षी, नऊवारीचा काचा मारून. पहिल्या दिवशी बांधलेल्या नावेपर्यंत जाऊन धापा टाकत परतले, मल्लाह हसले. तिसऱ्या वर्षी रेतीला हात लावला. तेव्हा कुणी हसलं नाही. लखनौ काही परत आलं नाही, आणि दुसरंही काही आलं नाही. पण वहीत आता अक्षर माझं आहे.

त्यानंतर एकोणीस भाऊबीजा झाल्या. दर वर्षी ओवाळून झालं की तो चष्मा पुसत विचारायचा, "या वर्षी किती गं?" मी कधी सांगितलं नाही. हा त्याच्या संशोधनाचा सगळ्यात मोठा आलेख होता, आणि अर्धा माझ्याकडे होता. गेल्या महिन्यात शेवटच्या दुखण्यात, दवाखान्यात पडल्या पडल्याही त्याने विचारलं. आवाज नीट फुटत नव्हता. माझं मनगट शोधत होता, सापडत नव्हतं. मी हात दिला नाही. आज लिहिताना रडू येतंय, पण राग गेला म्हणाल तर गेलेला नाही.

बासष्टाव्या वर्षी माझे ठोके छप्पन्न आहेत. त्याला सांगितलं नाही. सांगून काय करणार होते? उगाच वाईट वाटलं असतं त्याला.